गेममधला घोडा आणि दख्खनची रहवाल चाल

१.
व्हिडिओ गेममधील घोडा गेल्या वीस वर्षांत ओळखू येणार नाही इतका बदलला. त्याच्या कातडीखाली स्नायू हलताना दिसतात, थंडीत नाकपुड्यांतून वाफ निघते, चिखलातून गेल्यावर पोट माखते. मात्र एका बाबतीत तो जवळपास जिथल्या तिथे राहिला आहे. ती बाब म्हणजे चाल. जगातील अनेक घोडे ज्या मऊ, न उसळणाऱ्या चालीसाठी शतकानुशतके नावाजले गेले, जिला मराठीत ‘रहवाल’ म्हणतात, ती चाल पडद्यावर क्वचितच उतरते. हा धागा त्या चालीविषयी आहे, आणि ती वगळली की दख्खनचा इतिहास कसा चुकीचा दिसू लागतो याविषयी.

२.
सुरुवातीस नकाशा. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद महामार्गावर जळकोट हे गाव आहे. पश्चिमेला नळदुर्गचा किल्ला आणि त्यातील पाणी महाल. पूर्वेला चालुक्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण. आग्नेयेला आळंद, ईशान्येला उदगीर. नळदुर्ग आणि अणदूर येथे खंडोबाची एकच मूर्ती वर्षातील काही काळ एका गावी आणि उरलेला काळ दुसऱ्या गावी असते, आणि खंडोबा हा घोड्यावर बसणारा देव. जळकोटहून कोणत्याही दिशेला निघाले तरी घोड्याच्या इतिहासाचे एखादे ठिकाण लागते. या धाग्यातील बहुतेक वाटा याच परिसरातून जातात.

३.
आता चालींचे व्याकरण. साध्या चालण्यात घोड्याचे चार पाय वेगवेगळ्या क्षणी पडतात, त्यामुळे चार ठोके ऐकू येतात. दुडकीत कर्णरेषेतील दोन पाय एकदम पडतात: डावा मागचा आणि उजवा पुढचा, मग उजवा मागचा आणि डावा पुढचा. ठोके दोनच, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये घोडा क्षणभर हवेत असतो. स्वाराला बसणारा दणका याच क्षणातून येतो. त्यापुढच्या चालीला इंग्रजीवरून कँटर म्हणतात, तिचे तीन ठोके. सर्वांत वेगवान ती चौखूर दौड, म्हणजे गॅलप.

४.
रहवाल या शिडीत कुठे बसते? वेग साधारण दुडकीचा, पण पायांचा क्रम चालण्याचा: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. एक ना एक खूर कायम जमिनीवर असतो, घोडा हवेत जात नाही, म्हणून पाठ उसळत नाही. कानाने ओळखायचे तर दुडकी ‘टप्–टप्’ अशी ऐकू येते, रहवाल ‘टपटपटपटप’ अशी सलग. दिवसभर खोगिरावर बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक कमरेच्या आणि मांड्यांच्या दुखण्याइतका खरा असतो.

५.
शब्दाचाही एक प्रवास आहे. फारसीत ‘राह’ म्हणजे रस्ता, आणि ‘राहवार’ म्हणजे रस्त्याला योग्य, सुखाने चालणारा घोडा. तोच शब्द तुर्कस्तानात ‘राहवान’ झाला, आणि तेथे राहवान घोड्यांच्या शर्यती आजही होतात. राजस्थान–गुजरातेत मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या चालीला ‘रेवाल’ म्हणतात. मराठीत ‘रहवाल’, बोलण्यात ‘रवाल’. अनातोलियापासून तापीकाठापर्यंत एका चालीला एकाच कुळातील शब्द असणे हा इतिहासाचाच पुरावा आहे. घोडे, व्यापारी, सैनिक आणि चाबूकस्वार ज्या मार्गांनी फिरले, त्याच मार्गांनी हा शब्दही फिरला.

६.
विज्ञानाने या चालीचे एक मूळ शोधले आहे. २०१२ मध्ये स्वीडनमधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात ‘डीएमआरटी३’ या जनुकातील एक बदल समोर आला. पाठीच्या कण्यातील ज्या चेतापेशी पायांचा ताल सांभाळतात, त्यांच्यावर या बदलाचा परिणाम होतो, आणि असा घोडा दुडकीव्यतिरिक्त इतर चाली सहज शिकतो. अर्थात जगातील प्रत्येक रहवाल घोड्यात हा बदल असतोच असे नाही. वंशाप्रमाणे शिकवणीचाही वाटा मोठा आहे.

७.
२०१६ मध्ये प्राचीन घोड्यांच्या हाडांतील डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हा बदल सर्वांत आधी आढळला तो इंग्लंडमधील यॉर्क येथील, इ. स. ८५० ते ९०० या काळातील घोड्यांमध्ये. त्यानंतर तो आइसलँडमधील जुन्या घोड्यांत मोठ्या प्रमाणावर दिसतो. व्हायकिंग दर्यावर्द्यांनी असे घोडे तेथे नेले असावेत, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे.

८.
येथे गेम खेळणाऱ्यांच्या कानात घंटा वाजायला हवी. २०२० चा ‘अ‍ॅसॅसिन्स क्रीड: व्हल्हाला’ हा गेम नेमका याच काळात घडतो: नवव्या शतकाच्या उत्तरार्धातील इंग्लंड. त्यात यॉर्कही आहे, ‘जॉर्विक’ या तत्कालीन नावाने. रोमन भिंती, लाकडी घरे, नदीकाठचा बाजार, सारे कष्टाने उभे केलेले. ज्या शहरात, ज्या शतकात रहवाल घोड्याचा सर्वांत जुना जनुकीय पुरावा मिळतो, तेथे खेळाडू घोड्यावर बसतो आणि त्याच्या खालचा घोडा नेहमीच्या चालींनीच जातो. अभ्यास प्रसिद्ध झाल्यानंतर चार वर्षांनी आलेल्या गेममध्येही ही चाल उतरली नाही.

९.
दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मधील घोडा आजही कौतुकाचा विषय आहे. त्याला खाऊ घालावे लागते, खरारा करावा लागतो, त्याची मर्जी संपादन करावी लागते. त्यात ‘टेनेसी वॉकर’ आणि ‘मिसूरी फॉक्स ट्रॉटर’ अशा दोन जाती आहेत. या दोन्ही जातींची नावेच चालीवरून पडली आहेत. टेनेसी वॉकरचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापलीकडे पडतो आणि डोके तालात खाली-वर होते. फॉक्स ट्रॉटरची तुटक चार ठोक्यांची चालही वेगळी. गेममध्ये मात्र नाव आहे, रंग आहे, वेगाचे आकडे आहेत. नावातील चाल तेवढी नाही.

१०.
कालविपर्यासाचीही गंमत आहे. हा गेम १८९९ मध्ये घडतो. टेनेसी वॉकरची नोंदणी संस्था १९३५ ची, फॉक्स ट्रॉटरची १९४८ ची. तशा चालीचे घोडे त्या प्रदेशांत आधीपासून होतेच, पण जातीचे अधिकृत नाव नंतर आले. म्हणजे गेमने पुढच्या काळातील नाव मागे नेले आणि त्या काळात खरोखर असलेली चाल गाळली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही चूक ओळखीची वाटेल. लेबल टिकते आणि वस्तू हरवते, असे संग्रहालयांतही घडते.

११.
अपवाद आहेत. स्टॉकहोममध्ये तयार होणाऱ्या ‘स्टार स्टेबल’ या ऑनलाइन गेममध्ये आइसलँडिक घोड्याला त्याची ‘टोल्ट’ ही खास चाल दिलेली आहे. हा गेम प्रामुख्याने घोड्यांवर प्रेम करणाऱ्या मुलींचा म्हणून ओळखला जातो, त्यामुळे युद्धाचे गेम खेळणारे बहुतेक त्याच्याकडे पाहतही नाहीत. खेळाडूंना चालीतील फरक कळतो आणि ते तो मागतात, म्हणून निर्माते तो देतात. तांत्रिक अडचण अलंघ्य नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

१२.
मग इतर ठिकाणी चाल का गळते? गेममधील घोड्याचा हलता सांगाडा बहुधा एकदाच बांधला जातो. जातीनुसार रंग, आयाळ, उंची आणि कानांचा आकार बदलतो. मारवाडी घोड्याचे आत वळलेले कान दाखवणे सोपे, कारण ती केवळ आकृती आहे. चाल बदलायची तर पायांचा क्रम, पाठीची हालचाल, स्वाराचे बसणे, टापांचा आवाज आणि एका चालीतून दुसरीत जाण्याचे सर्व टप्पे नव्याने करावे लागतात. खर्च मोठा, आणि तो ओळखणारे खेळाडू थोडे.

१३.
दुसरे कारण ऐतिहासिक आहे. चालणे, दुडकी, कँटर, गॅलप ही चार पायऱ्यांची शिडी युरोपीय अश्वारोहण-शिक्षणात आणि घोडदळाच्या कवायतीत रूढ झाली. गाडीला जुंपायला आणि रांगेत कवायत करायला दुडकी सोयीची. तिचा दणका चुकवण्यासाठी इंग्रजी पद्धतीत स्वार रिकिबीवर उठत-बसत राहतो. मध्ययुगीन युरोपात मऊ चालीच्या घोड्यांना मोठा मान होता, पण रस्ते सुधारले, गाड्या वाढल्या आणि तो मान ओसरला. कंट्रोलरच्या बटणावर आज जी शिडी आहे, ती या नंतरच्या युरोपची आहे. ती सर्व काळांची आणि सर्व देशांची म्हणून वापरली जाते, हा खरा प्रश्न.

१४.
भारतातील विचार वेगळ्या शिडीने चालत असे. अमरकोशात घोड्याच्या पाच गती दिल्या आहेत आणि त्यांना ‘धारा’ म्हटले आहे. धौरितक, वल्गित, प्लुत ही त्यांतील काही नावे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात घोड्यांची परीक्षा आहे, शिक्षण आहे आणि घोड्यावर बसून चेंडू खेळण्याच्या मैदानाचे वर्णनही आहे. जळकोटच्या थेट पूर्वेला असलेल्या या राजधानीत घोड्याची गती हा राजाने लिहिण्याचा विषय होता.

१५.
पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, जुन्नरमार्गे बीदरला गेला. विकण्यासाठी त्याने सोबत एक घोडा आणला होता. जुन्नरच्या खानाने तो हिसकावून घेतला आणि बऱ्याच खटपटीनंतर तो त्याला परत मिळाला. आळंदच्या जत्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. आकड्यात अतिशयोक्ती धरली तरी आजच्या धाराशिवच्या सीमेपलीकडील हे गाव तेव्हा घोड्यांच्या व्यापाराचे केंद्र होते, हे स्पष्ट आहे.

१६.
या बाजारांत दोन प्रकारचे घोडे होते. समुद्रमार्गे येणारे अरबी आणि इराणी घोडे महाग, दिमाखदार, सुलतान आणि सरदारांच्या पागेतील. आणि नद्यांच्या काठी वाढलेली देशी तट्टे: मध्यम चणीची, काटक, कडब्यावर आणि माळाच्या गवतावर निभावणारी. भीमेच्या थडीवरील ती भीमथडी. गेममध्ये ‘चांगला घोडा’ म्हणजे मोठा आणि वेगवान घोडा. दख्खनच्या मोहिमांत चांगला घोडा म्हणजे उद्याही चालणारा घोडा. मराठीत ‘तट्टू’ हा शब्द पुढे हेटाळणीचा झाला, तरी मराठ्यांच्या मोहिमांचा मोठा भार याच तट्टांनी वाहिला.

१७.
घोडा कोणाचा, यावर तो कसा चालवला जाईल हे ठरत असे. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि शस्त्रे घेऊन चाकरीस येई. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची रोजीरोटी संपली. अशा माणसाने घोडा दिवसभर चौखूर उधळणे म्हणजे घर पेटवून शेकत बसणे. मजल मारायची तर घोडा दमणार नाही आणि अंगही मोडणार नाही अशी चाल हवी. चाल ही हौसेची बाब असेल, पण येथे ती पोटाचीही बाब होती.

१८.
कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना येते. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. याच वर्णनात आणखी एक तपशील आहे: पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला आणि एक नालबंद. पाणी आणि नाल. सैन्याची गती या दोन माणसांच्या खांद्यावर होती. युद्धाच्या गेममध्ये तलवारबाज, भालाईत, गोलंदाज असतात. नालबंद मात्र शोधूनही सापडत नाही.

१९.
१६७३ च्या उन्हाळ्यात महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील जुमलेदारांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीपाल्यालाही हात लावू नये, ही त्यातील आज्ञा बहुतेकांना ठाऊक असते. पण पत्राचा गाभा घोड्यांचा आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच मनमानीने संपवली, तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि त्यांच्या मरणाचे धनी तुम्हीच व्हाल, असे त्यात बजावले आहे. रात्री पेटत्या दिव्याची वात उंदराने पळवली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत राजा विचार करतो. घोडदळ म्हणजे काय, हे शिकायचे असेल तर लढायांच्या नकाशांआधी हे पत्र वाचावे.

२०.
आता चालीकडे परत. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात पहिल्या बाजीरावाविषयी एक आख्यायिका दिली आहे. निजामाने आपल्या चित्रकाराला बाजीरावाच्या छावणीकडे पाठवले आणि तो जसा दिसेल तसा रंगवून आणण्यास सांगितले. चित्रकाराने आणलेल्या चित्रात बाजीराव साध्या स्वारासारखा घोड्यावर आहे. घोड्याच्या अगाडी-पिछाडीचे दोर तोबऱ्यात कोंबलेले, भाला खांद्यावर टेकवलेला. आणि तो दोन्ही हातांनी ज्वारीची कणसे चोळून चालता चालता दाणे खात आहे.

२१.
ही आख्यायिका सहसा साधेपणाचा धडा म्हणून सांगितली जाते. घोड्यावर बसणाऱ्या माणसाने ती वाचली तर त्याचे लक्ष हातांकडे जाईल. लगाम हातात नाही, दोन्ही तळवे कणसावर, भाला नुसता टेकलेला, आणि घोडा चालतो आहे. दुडकीच्या दणक्यात हे जमत नाही: दाणे सांडतील, भाला घसरेल. हे चित्र सपाट पाठीच्या चालीचे आहे, आणि ज्या स्वाराचे अर्धे आयुष्य अशा चालीवर गेले त्याचे आहे. जळकोटच्या आसपास आजही रब्बीची ज्वारी डोलते. हुरड्याच्या दिवसांत कोणीही कणीस तळहातावर चोळून पाहावे, दोन्ही हात किती गुंततात ते कळेल.

२२.
याच बाजीरावाने १७२८ मध्ये पालखेड येथे निजामाला कोंडले आणि १७३७ मध्ये दिल्लीच्या वेशीपर्यंत धडक मारली. या मोहिमांचे वर्णन ‘विजेच्या वेगाने’ असे केले जाते, आणि ते वाचताना डोळ्यांसमोर चौखूर दौडणारे घोडे येतात. पण चौखूर दौड काही मिनिटांची असते. त्यानंतर घोडा फेसाळतो आणि थांबतो. दिल्ली गाठली गेली ती दरकूच दरमजल, म्हणजे रोज ठरावीक अंतर कापत, सलग. सैन्याचा वेग दिवसांत मोजायचा असतो. गेम तो सेकंदांत मोजतो.

२३.
अर्थात चालीला एकटीला श्रेय देणे हीसुद्धा चूक ठरेल. हलके सामान, देशी घोडे, रस्त्यांची माहिती आणि वैरणीची सोय या सर्वांनी मिळून मराठ्यांची गती घडली. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरच्या परिसरात भाऊसाहेबांच्या फौजेने निजामाच्या सैन्याला गाठून नमवले. अवघ्या अकरा महिन्यांनी, जानेवारी १७६१ मध्ये, पानिपतावर त्याच फौजेतील घोडे दाणापाण्याविना अस्थिपंजर झाले होते. घोड्याची जात बदलली नव्हती, चालही बदलली नव्हती. वैरणीचा रस्ता तुटला होता.

२४.
मराठे मोठ्या गेममध्ये आलेलेही आहेत. २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ मध्ये मराठा सत्ता घेऊन खेळता येते, आणि १७०० पासूनचा खेळ पुढे सरकतो. अनेक मराठी मुलांनी जगाच्या नकाशावर मराठ्यांचे नाव पहिल्यांदा तेथेच पाहिले. परंतु रणांगणावर घोडदळाला चालायला लावा किंवा पळवा, एवढेच पर्याय. नकाशावर सैन्य हलते ते ठरलेल्या अंतराने, आणि त्याचा खर्च पैशांत मोजला जातो. वैरण, पाणी, पावसाळ्यातील छावणी यांना तेथे जागा नाही. मराठे हे नाव आहे, पण मराठ्यांची युद्धपद्धती मुख्यतः ज्या गोष्टींवर उभी होती, त्या बाहेर राहिल्या.

२५.
अंकारा येथील कंपनीचा ‘माउंट अँड ब्लेड: बॅनरलॉर्ड’ या बाबतीत थोडा जवळ येतो. त्यात पायदळासाठी जादा घोडे बाळगले की टोळीचा वेग वाढतो, आणि जनावरे प्रमाणाबाहेर झाली की वेग घटतो. जादा घोड्यांचे महत्त्व ओळखणारा असा गेम विरळा. तरीही त्यातील घोडे स्वतः काही खात नाहीत. आणि ज्या देशाच्या भाषेत ‘राहवान’ हा शब्द आजही जिवंत आहे, तेथे तयार झालेल्या या गेममध्येही राहवान चाल नाही. अभाव ज्ञानाचा नसतो, कोणते ज्ञान गेममध्ये घेण्याजोगे मानले जाते याचा असतो.

२६.
चित्रे सुधारता येतात, हे मात्र निश्चित. पूर्वीचे चित्रकार, युरोपातील असोत वा दख्खनमधील, दौडणारा घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला असा रंगवत. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून दौडत्या घोड्याची छायाचित्रे घेतली. चारही खूर हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, हे त्यांतून दिसले. आज कोणत्याही गेममध्ये तो जुना ताणलेला घोडा दिसत नाही. एका पुराव्याने शतकांची सवय मोडली. रहवाल चालीसाठी तसा पुरावा गोळा करणे आजच्या मोबाइल कॅमेऱ्यालाही सहज शक्य आहे.

२७.
मराठा घोडदळावरील खरा गेम कसा असावा? घोडा निवडताना वेगाबरोबर चाल दिसावी. दुडकीत स्वाराचा नेम ढळावा, रहवाल चालीत तो स्थिर राहावा. शिलेदाराचा घोडा मेल्यास तो नव्याने विकत घेताना कर्ज व्हावे. पंचवीस घोड्यांमागे नालबंद नसेल तर खडकाळ घाटात घोडे लंगडावेत. दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्यात छावणी, आणि छावणीतील गवताच्या गंजीची काळजी. यांतील एकही गोष्ट कल्पनेतून आणावी लागत नाही. सर्व काही कागदपत्रांत आणि घोडेवाल्यांच्या अनुभवात आहे. ‘राजी’ हा २०२० चा गेम पुण्यातील स्टुडिओने केला, म्हणजे कौशल्यही दूर नाही.

२८.
हे आताच का महत्त्वाचे? भीमथडी घोड्याला अलीकडेच कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. भारतातील ती आठवी नोंदणीकृत अश्वजात. २०२३ मध्ये राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या गीतातही भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. नाव वाचले ही आनंदाची गोष्ट. पण नोंदणीत उंची, रंग, बांधा यांची मापे सहज बसतात. घोडा कोणत्या चालीने मजल मारतो, ती चाल कोण कशी शिकवतो, तिला कोणत्या गावात काय म्हणतात, हे मापपट्टीने मोजता येत नाही.

२९.
हे ज्ञान अजून संपलेले नाही. मार्गशीर्षात नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीची यात्रा भरते, नांदेड जिल्ह्यातील माळेगावला खंडोबाची. दोन्हीकडे घोड्यांचा बाजार असतो, आणि रवाल चालीचा घोडा तेथे आजही चाल दाखवूनच विकला जातो. पारखी गिऱ्हाईक रंगावर भाळत नाही. घोडा फिरवायला लावतो, टापांचा आवाज ऐकतो, स्वाराच्या खांद्यांकडे पाहतो. खांदे हलले नाहीत तर चाल खरी. गेमच्या निर्मात्यांना हवी असलेली सारी माहिती या एका परीक्षेत आहे.

३०.
एक पिढी घोडा प्रत्यक्ष पाहण्याआधी पडद्यावर पाहते, आणि पुढच्या पिढीच्या मनातील मराठा स्वार बहुधा तेथूनच घडेल. त्या स्वाराच्या घोड्याला चारच चाली असतील तर बाजीरावाच्या हातातील कणसाचा अर्थ तिला लागणार नाही. म्हणून ज्यांच्या गावी घोडे आहेत, वरातीचे असोत, यात्रेतले असोत वा शर्यतीचे, त्यांनी घोडा बाजूने चालताना चित्रफीत करून ठेवावी. चाबूकस्वार, नालबंद आणि घोडेवाले यांच्याकडून चालींची नावे विचारून, गाव आणि तालुक्यासह, या धाग्याखाली लिहावीत. दुडकी, रहवाल, चौखूर यांपलीकडे धाराशिव, सोलापूर, लातूर, बीड या भागांत आणखी कोणते शब्द आहेत, त्यांची यादी आधी व्हायला हवी.

#दख्खनचा_इतिहास #भीमथडी #रहवाल